लाकडी डेक जुना झालाय: नुसत्या फळ्या बदलायच्या की सगळाच पाडायचा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डेक बघायला बोलावणारे बहुतेक लोक मला वर उभं करून दाखवतात: ही फळी वाकलीय, इथे पायात कुसळ जातं, तिथला रंग उडालाय. मी गुडघ्यावर बसून खाली डोकावायला लागलो की त्यांना वाटतं, माझं काहीतरी पडलंय. पडलेलं काही नसतं, पण त्यांच्या प्रश्नाचं उत्तर तिथे खाली असतं. या कामात जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात ते इथे एकत्र केलेत, साधारण ज्या क्रमाने लोक विचारतात त्याच क्रमाने.

रिसरफेसिंग म्हणजे नेमकं काय? कुणी घासून तेल मारण्याला म्हणतं, कुणी फळ्या बदलण्याला.

दोन्हीला तोच शब्द वापरतात आणि निम्मी भांडणं तिथूनच सुरू होतात. डेकचे दोन भाग समजा. वरच्या फळ्या, कठडा आणि पायऱ्यांचे पाट हा हातापायाला लागणारा भाग. त्याखाली सांगाडा: जमिनीतून वर आलेले खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर ओळीने टाकलेल्या कड्या, आणि डेक घराला लागून असेल तर भिंतीला जोडलेली एक लांब पट्टी. जुन्या घरांतला कडीपाट ज्यांनी पाहिलाय त्यांना जास्त समजवायला नको. डेक म्हणजे उघड्यावर टाकलेला कडीपाट.

आता पर्याय तीन होतात. फळ्या त्याच ठेवून घासायच्या आणि तेल किंवा स्टेन, म्हणजे लाकडात मुरणारा रंग, मारायचं, याला मी घासकाम म्हणतो. सांगाडा ठेवून वरच्या फळ्या नव्या टाकायच्या, हे फळीकाम. किंवा खांबांपासून सगळं नवं. कंत्राटदार ‘रिसरफेसिंग’ म्हणाला की यातलं नेमकं कुठलं, ते कागदावर लिहून घ्या.

डेक करडा, काळपट पडलाय. लाकूड गेलं का?

नाही. लाकडाचे तंतू एकमेकांना धरून ठेवणारा लिग्निन नावाचा घटक असतो. उन्हातली अतिनील किरणं तो तोडतात, पाऊस तो धुऊन नेतो आणि वर करडे, केसाळ तंतू उरतात. हे सगळं वरच्या पापुद्र्यात चालतं. मऊ जातीच्या लाकडाची नुसत्या उन्हापावसाने होणारी झीज शंभर वर्षांत सुमारे ६ मिलिमीटर धरतात. रंगावरून डेक पाडणं म्हणजे पिकलेले केस बघून माणसाला अंथरुणाला खिळवण्यासारखं आहे. उलटंही तितकंच खरं: केस काळे केले म्हणून गुडघे तरुण होत नाहीत.

खिळ्या-स्क्रूंभोवतीचे काळे डाग बहुतेक वेळा लोखंड आणि लाकडातलं टॅनिन यांच्या संयोगाने पडतात. ऑक्झॅलिक ॲसिडच्या द्रावणाने ते बऱ्यापैकी निघतात. हातमोजे घाला आणि नंतर भरपूर पाण्याने धुवा.

मग खरं दुखणं कुठे असतं?

जिथे लाकूड लाकडाला टेकतं तिथे. उघडी फळी भिजते आणि वाळते. फळी आणि कडीच्या मधल्या फटीत शिरलेलं पाणी मात्र दिवसेंदिवस तिथेच राहतं. वर कचरा आणि वाळलेली पानं अडकली की ओला बोळा दाबून ठेवल्यासारखं होतं.

एक उदाहरण सांगतो. मालकांनी तीन दिवस घासून, तेलाचे दोन हात देऊन डेक अगदी देखणा केला होता. फक्त एक फळी डुगडुगते म्हणून मला बोलावलं. मी स्क्रू ड्रायव्हर लावला तर स्क्रू जागच्या जागी फिरत राहिला. शेवटी चिमट्याने उपसला, तर सरळ वर आला. डोकं शाबूत, टोक शाबूत, आणि मधला भाग, बरोबर जिथे फळी कडीला टेकते तिथला, चावलेल्या पेन्सिलीसारखा बारीक झालेला. फळी उचलली. खाली कडीच्या माथ्यावर फळीच्या रुंदीएवढा काळा ओला पट्टा होता आणि त्यात अंगठा सहज रुतला. शेजारची फळी उचलली, तिच्याखाली तसाच पट्टा. कडीची दोन्ही अंगं मात्र कोरडी, पिवळसर, ठणठणीत. खालून डोकावणाऱ्यालाही काही दिसलं नसतं. तीन दिवसांचं ते घासकाम आम्ही पुढच्या आठवड्यात उचकटून टाकलं.

म्हणून निर्णयाआधी किमान तीन-चार फळ्या उचलल्याच पाहिजेत: एक भिंतीजवळची, एक मधली, एक पायऱ्यांच्या वरची आणि एक जिथे पाणी जास्त साचतं तिथली.

तपासणी मी स्वतः करू शकतो का?

बरीचशी. एक अणकुचीदार टोचा, हातोडी, विजेरी, लांब दोरी आणि जुने कपडे लागतील. जमलं तर ओलावा मोजायचं दोन पिनांचं मीटर.

टोचा आधी अशा जागी खुपसा की जिथलं लाकूड नक्की चांगलं आहे, म्हणजे हाताला फरक कळतो. मग संशयाच्या जागी: कड्यांचा माथा, कड्यांची टोकं, तुळई खांबावर बसते तो भाग, खांबाचा पाया, पायऱ्यांच्या कडेचे उतरते दांडे, कठड्याच्या खांबांचं बूड. फारसा जोर न लावता टोक ६ मिलिमीटर किंवा त्याहून आत गेलं तर तिथे कुज आहे.

त्याहूनही भरवशाची खूण म्हणजे ढलपी उचकटून पाहणं. टोचा तंतूंच्या दिशेने तिरका घालून उचला. निरोगी लाकूड कडकडत, लांब कुसळ देत उचकटतं. कुजलेलं लाकूड टोच्यापाशीच, आडवं, फार आवाज न करता तुटतं. एका प्रकारच्या बुरशीत लाकूड तपकिरी होऊन त्याला उभ्याआडव्या चौकोनी भेगा पडतात. तोवर मामला बराच पुढे गेलेला असतो, कारण डोळ्यांना काही दिसायच्या आधीच ताकद घसरू लागते. ढलपीची परीक्षा याचसाठी.

हातोडीने ठोकून पाहा: ठण्ण वाजलं तर बरं, भदभद वाजलं तर तिथे टोचा घाला. दोरी कड्यांना आडवी ताणून धरा. मध्ये कुठे खड्डा किंवा उंचवटा दिसला तर खांब खचलाय की कडी वाकलीय ते शोधा.

मीटरवर ओलावा किती दिसला तर काळजी करायची?

२० टक्क्यांच्या खाली कुजवणारी बुरशी वाढत नाही. ३० टक्क्यांच्या आसपास आणि वर तिचं चांगलं फावतं. पण एका आकड्यावर भरवसा ठेवू नका. पावसानंतर लगेच मोजलं तर सगळंच ओलं दाखवेल. चार-पाच कोरडे दिवस जाऊ द्या आणि मग मोजा. त्या वेळी सगळीकडे १५ आणि एका कोपऱ्यात २८ आलं, तर तो कोपरा बोलतोय. कुजू नये म्हणून तांब्याच्या रसायनांनी ट्रीट केलेल्या लाकडात मीटर थोडं जास्त दाखवतं, म्हणून एकाच डेकवरच्या दोन जागांची तुलना करा.

भिंतीला जोडलेल्या पट्टीवर सगळे इतका जोर का देतात?

कारण ती सुटली की डेक बसत नाही, कोसळतो. खांब खचला तर डेक कलतो, आवाज करतो, तुम्हाला वेळ देतो. भिंतीची पट्टी, जिला कंत्राटदार लेजर म्हणतात, ती भिंतीपासून सुटली तर एका क्षणात सगळी बाजू खाली येते, आणि बहुधा वर माणसं जमलेली असतानाच, कारण भार तेव्हाच जास्त असतो.

तिथे तीन गोष्टी बघा. एक, ती कशाने धरलीय. नुसत्या खिळ्यांनी धरली असेल तर बाकी सगळं उत्तम असलं तरी आज वर गर्दी करू नका. खिळे बाहेरच्या दिशेने ओढले गेले की सुटतात. आरपार बोल्ट किंवा त्या कामाचे जाड स्क्रू हवेत. दोन, पट्टीच्या वर पाणी वळवणारी पत्र्याची किंवा प्लॅस्टिकची पट्टी भिंतीच्या आवरणाखाली सरकवलेली आहे का. नसेल तर भिंतीवरून ओघळणारं पाणी वर्षानुवर्षं पट्टीच्या मागे मुरतंय. तीन, बोल्टच्या खालचं लाकूड दबलंय का, गंजाचे ओघळ आलेत का.

पट्टी कुजली असेल तर तिच्यामागचं घराचं लाकूडही तपासावं लागतं. इथे स्वतःची हौस आवरा आणि जाणकाराला बोलवा.

वरून सगळं छान दिसत असताना खरंच इतकं बिघडू शकतं?

१६ जून २०१५ रोजी कॅलिफोर्नियातल्या बर्कलीमध्ये एका अपार्टमेंट इमारतीची बाल्कनी वर जमलेल्या तरुण मुलांसकट तुटली. सहा जण गेले, सात जखमी झाले. इमारत दहा वर्षांचीही नव्हती. बाल्कनीला आधार देणाऱ्या लाकडी कड्या आत पाणी मुरून कुजल्या होत्या आणि वरून ते कळायला वाव नव्हता. त्यानंतर २०१८ मध्ये कॅलिफोर्नियाने अशा इमारतींच्या बाहेरच्या लाकडी बाल्कन्या, जिने, डेक ठरावीक मुदतीने तपासणं कायद्याने बंधनकारक केलं.

तुमचा डेक जमिनीपासून दोन फूट उंच असेल तर धोका वेगळा. पण पहिल्या मजल्याच्या उंचीचा असेल तर ‘वरून छान दिसतो’ हे वाक्य विसरा.

डेक वीस वर्षांचा आहे. वयावरून काही ठरवता येतं का?

थोडंफार. सावलीत, जमिनीलगत, वारा नसलेल्या जागी दहा वर्षांत गेलेले डेक मी पाहिलेत आणि उंचावर, कोरड्या वाऱ्यात पंचवीस वर्षं टिकलेलेही. वयाचा उपयोग दुसऱ्या हिशेबासाठी होतो. नव्या फळ्या किती वर्षं चालतील असं विक्रेता सांगतोय? समजा वीस. मग प्रश्न असा: तुमचा सांगाडा आणखी वीस वर्षं काढेल का?

माझ्या मते निर्णयाचा सगळा गाभा एवढाच आहे. सांगाडा आज चांगला आहे का, हे विचारणं पुरेसं नाही; तो नव्या फळ्यांच्या बरोबरीने म्हातारा होईल का, ते विचारा. पाच वर्षांत खचणार असलेल्या सांगाड्यावर महागड्या फळ्या टाकल्या, तर पाच वर्षांनी त्या उचकटून पुन्हा बसवाव्या लागतात, आणि उचकटताना त्यातल्या कितीतरी फाटतात. अशा सांगाड्यावर एक तर घासकाम करून पाच वर्षं काढा किंवा आत्ताच सगळं नवं करा. मधला मार्ग सगळ्यांत महाग पडतो.

किती कड्या कुजलेल्या असल्या तर सगळं पाडायचं?

छापील नियम नाही. माझा अंदाज सांगतो. एक-दोन कड्या आणि त्याही एकाच जागी, उदाहरणार्थ पन्हळीचं पाणी पडतं त्याखाली, तर तो अपघात. पाणी दुसरीकडे वळवा, कड्या बदला, पुढे चला. पाचातली एक कडी मऊ लागतेय आणि त्या सगळीकडे विखुरलेल्या आहेत, तर मी मालकाला पूर्ण नव्याचा विचार करायला सांगतो. चारातली एक म्हणजे माझ्या दृष्टीने विषय संपला. विखुरलेली कुज हे सांगते की उरलेल्या कड्या त्याच रांगेत उभ्या आहेत, त्यांचा नंबर अजून लागला नाही इतकंच.

संख्येपेक्षा जागेला किंमत जास्त. दहा कड्यांच्या टोकांना वरवरची मऊ जागा असेल तर निभावतं. एकच मुख्य तुळई गेली असेल तर निभावत नाही.

कुजलेल्या कडीला शेजारी दुसरी कडी जोडून चालतं का?

चालतं, सुतार तसं करतातच. पण कुजलेला भाग आधी तासून काढा. ओल्या कुजीला नवं लाकूड चिकटवलं तर रोग शेजारी सरकतो. नवी कडी दोन्ही टोकांना आधारावर टेकेल इतकी लांब हवी. मधल्यामध्ये लावलेला तुकडा म्हणजे मोडक्या पायाला नुसती पट्टी. आणि जिथे जिथे लाकूड कापाल तिथल्या उघड्या टोकांना कूजरोधक हात मारा. कारखान्यात दिलेलं रसायन बऱ्याच लाकडांत गाभ्यापर्यंत पोचलेलं नसतं.

खांबांचं काय?

खांब बहुधा जमिनीच्या पातळीला कुजतो. खोल मातीत बुरशीला पुरेशी हवा मिळत नाही, वर पुरेसा ओलावा मिळत नाही; जमिनीच्या रेषेवर तिला दोन्ही मिळतं. म्हणून पायाभोवतीची माती वीतभर उकरा आणि तिथे टोचा घाला. काँक्रीटमध्ये थेट रोवलेला खांब हीही जुनी चूक आहे. लाकूड आकसतं, भोवती फट पडते आणि तो खड्डा पाण्याचा पेला होतो. चांगल्या कामात खांब धातूच्या बैठकीवर, काँक्रीटपासून साधारण इंचभर वर उभा असतो. दोन-तीन खांबच खराब असतील तर जॅक लावून बदलता येतात. जमीन गोठते अशा भागात पाया पुरेसा खोल नसेल तर दर हिवाळ्यात खांब थोडे वर ढकलले जातात. मग वरच्या फळ्या कितीही बदला, डेक पुन्हा वाकडा होणार.

सांगाडा चांगला निघाला. आता घासकाम पुरेल की फळ्या बदलू?

फळ्यांवर अवलंबून. वरवरच्या उभ्या भेगा, करडेपणा, थोडी कुसळं, एवढंच असेल तर घासा. फळी पन्हाळीसारखी वाकून पाणी धरत असेल, भेगा आरपार गेल्या असतील, टोकं मऊ झाली असतील किंवा पाय ठेवला की दबत असेल, तर बदला. दहात एखाददुसरी खराब असेल तर तेवढ्याच बदला. नवी फळी सुरुवातीला परक्यासारखी उठून दिसेल; एक-दोन वर्षांत ऊन तिला घरचं करून घेतं.

फळ्यांची जाडीही मोजा. दोन-तीनदा घासलेल्या फळीत पुन्हा घासण्याइतकं मांस उरत नाही आणि स्क्रूची डोकी वर यायला लागतात.

फळ्या उलट्या करून टाकल्या तर?

लोक ऐकून येतात की खालची बाजू नव्यासारखी असते. कधीकधी असतेही. पण प्रत्येक कडीवर जिथे फळी टेकलेली होती तिथे आडवा काळा पट्टा असतो, जुनी स्क्रूची भोकं असतात, आणि कित्येक फळ्या काढतानाच फुटतात. चार फळ्या उलटून पाहा. चारही चांगल्या निघाल्या तर उरलेल्यांचा विचार करा, नाहीतर सोडून द्या.

घासकाम नीट कसं करायचं?

आधी वर आलेले खिळे-स्क्रू खाली बसवा, नाहीतर कागद फाटेल. धुण्यासाठी ऑक्सिजन ब्लीच, म्हणजे सोडियम परकार्बोनेट, बरं. क्लोरीनचं ब्लीच लाकूड पांढरं करतं पण तंतू सैल करतं. पाण्याचा जोरदार फवारा मारणारं मशीन वापरायचं तर दाब कमी ठेवा आणि नोझल फूटभर लांब. जवळ नेलं की ते लाकडाचा मऊ भाग खरवडून काढतं आणि फळीवर कायमच्या नाल्या पडतात.

दोन-तीन दिवस पूर्ण वाळल्यावर ६० ते ८० नंबरच्या काचकागदाने घासा. त्याहून बारीक घासू नका. गुळगुळीत करण्याच्या नादात लोक १५० नंबरपर्यंत जातात आणि मग तेल आत शिरत नाही. पाण्याचे चार थेंब टाकून पाहा: मुरले तर लाकूड तयार, मण्यांसारखे उभे राहिले तर अजून जुनं फिनिश बाकी. घासल्यावर आठवड्याभरात तेल किंवा स्टेन मारा. उघडं लाकूड दोन-तीन आठवडे उन्हात राहिलं तरी वरचा थर पुन्हा सैल व्हायला लागतो. तेलाने भिजलेल्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, त्या आपोआप पेटतात. पाण्यात बुडवा किंवा सुट्या पसरून वाळवा.

भेगा भरून काढणारं जाड कोटिंग मिळतं. ते मारून काम भागेल?

माझं मत वाईट आहे. लाकूड रोज थोडं फुगतं, आकसतं. जाड थर तितका हलत नाही. त्याला बारीक चिरा पडतात, चिरांतून पाणी आत जातं आणि बाहेर यायला वाट मिळत नाही. दोन-तीन वर्षांत पापुद्रे सुटतात, आणि ते खरवडून काढण्याचं काम शत्रूवरही येऊ नये. शिवाय पुढच्या वेळी टोचा घालायला लाकूडच दिसत नाही.

जुन्या फळ्यांवरच नव्या फळ्या ठोकल्या तर?

नको. दोन थरांत पाणी अडकतं, वजन वाढतं, आणि खालची कुज पुढची काही वर्षं कुणालाच दिसत नाही.

जुन्या सांगाड्यावर कॉम्पोझिट फळ्या बसतील का?

कॉम्पोझिट म्हणजे लाकडाचा भुसा आणि प्लॅस्टिक मिसळून केलेल्या फळ्या. बसतील, पण आधी तीन मोजमापं घ्या. कड्यांमधलं अंतर: बहुतेक कॉम्पोझिट फळ्यांना मध्यापासून मध्यापर्यंत ४० सेंटिमीटर चालतं, तिरप्या मांडणीला ३०. जाड लाकडी फळ्यांसाठी ६० सेंटिमीटरवर टाकलेल्या कड्या असतील तर मध्ये नव्या कड्या घालाव्या लागतात. वजन: कॉम्पोझिट बहुधा मऊ लाकडापेक्षा जड असतं. आणि पातळी: लाकडी फळी खालच्या चढउतारांना थोडी सांभाळून घेते, कॉम्पोझिट लवचीक असल्याने कड्यांची प्रत्येक चूक वर उमटते, तिरक्या उन्हात तर फारच. ते उन्हात लाकडापेक्षा जास्त तापतंही, अनवाणी फिरणाऱ्यांनी नमुना अंगणात ठेवून दुपारी पाय देऊन पाहावा.

एवढं महाग आवरण टाकणार असाल तर कड्यांच्या माथ्यावर ब्युटाइलची, म्हणजे पाणी न शिरू देणाऱ्या रबरासारखी, चिकटपट्टी जरूर लावा. फळ्या निघालेल्या असतात तेव्हाच ती लावता येते, आणि त्या काळ्या ओल्या पट्ट्यावर तिच्याइतका स्वस्त उपाय मला माहीत नाही.

जुनं लाकूड हिरवट ट्रीट केलेलं आहे. घासायला धोका आहे का?

असू शकतो. क्रोमियम, तांबं आणि आर्सेनिक असलेलं सीसीए नावाचं रसायन पूर्वी सर्रास वापरत. अमेरिकेत घरगुती वापराच्या लाकडासाठी ते २००३ च्या अखेरीस थांबलं. त्याआधीचं लाकूड असेल, किंवा कधीचं ते माहीतच नसेल, तर ते घासून धूळ उडवू नका. नुसतं धुऊन वर आवरण देता येतं. पण मुलं खेळणार असतील तर माझा कौल फळ्या बदलण्याकडे.

स्क्रू कुठले वापरायचे?

सीसीएच्या जागी आलेल्या रसायनांत तांबं जास्त असतं आणि ते साध्या लोखंडाला, पातळ मुलाम्याला लवकर खातं. म्हणून हॉट-डिप गॅल्व्हनाइज्ड, म्हणजे वितळलेल्या जस्तात बुडवून जाड मुलामा दिलेले, किंवा स्टेनलेस स्टील. समुद्राजवळ ३१६ ग्रेडचं स्टेनलेस. आणि धातू मिसळू नका: गॅल्व्हनाइज्ड हँगरला, म्हणजे कडी धरून ठेवणाऱ्या पत्र्याच्या खोबणीला, स्टेनलेस खिळे नकोत.

फक्त कठडा हलतोय. त्यासाठी एवढं सगळं?

बहुधा नाही. कठड्याचा खांब खाली खाच पाडून दोन स्क्रूंनी धरलेला असतो आणि खाचेपाशी चिरतो. आरपार बोल्ट आणि कडीच्या आत आडवे ठोकळे टाकून तो घट्ट होतो. पण बोल्ट घालताना कडेची कडी मऊ लागली, तर वरच्या ‘किती कड्या’वाल्या प्रश्नाकडे परत जा.

वाळवी आहे की नुसती कुज, कसं ओळखू?

खांबावर मातीच्या बारीक नळ्या चढलेल्या दिसल्या तर वाळवी. खाली भुशाचे छोटे ढीग आणि आत स्वच्छ, गुळगुळीत बोगदे असतील तर लाकूड पोखरणारे मुंगळे. त्यांना आधीच मऊ झालेलं, ओलं लाकूड आवडतं. पिठासारखी भुकटी आणि टाचणीएवढी भोकं म्हणजे भुंगेरे. कीड असेल तर आधी तिचा बंदोबस्त, मग सुतारकाम.

डेकवर मोठा पाण्याचा टब ठेवायचाय.

अमेरिकी निवासी नियमांत डेकवरचा भार चौरस फुटाला ४० पौंड धरतात, म्हणजे चौरस मीटरला साधारण १९५ किलो. ६० सेंटिमीटर खोल पाणी चौरस मीटरला ६०० किलो भरतं, टबाचं आणि माणसांचं वजन वेगळं. जुन्या सांगाड्याचा प्रश्नच येत नाही. इथे इंजिनिअरकडून हिशेब करून नवाच सांगाडा.

एक कंत्राटदार म्हणतो सगळं पाडा, दुसरा म्हणतो फळ्या बदलून भागेल. कुणाचं ऐकू?

जो खाली शिरला त्याचं. दोघांनाही सांगा: कुठे खराब आहे तिथे बोट ठेवून दाखवा, टोचा घालून दाखवा. पाडा म्हणणारा तीन जागा दाखवू शकला नाही तर त्याला मोठं काम हवंय. फळ्या बदला म्हणणाऱ्याने एकही फळी न उचलता दर दिला असेल तर तो नंतर ‘खाली कुजलेलं निघालं’ म्हणत दर वाढवणार. करारातच लिहून घ्या की फळ्या निघाल्यावर प्रत्येक खराब कडीमागे किती पैसे, आणि कितीपेक्षा जास्त निघाल्या तर काम थांबवून आधी तुम्हाला विचारायचं. फळ्या काढल्यावरचा एक दिवस काम बंद ठेवून स्वतः टोचा घेऊन फिरा. सांगाडा पूर्ण उघडा बघायची संधी पुन्हा लवकर येत नाही.

परवानगीचं त्याच वेळी विचारा. नुसत्या फळ्या बदलायला अनेक ठिकाणी परवानगी लागत नाही, सांगाड्याला हात लावला की लागते, आणि मग कठड्याची उंची, गजांमधलं अंतर वगैरे आजच्या नियमांप्रमाणे करावं लागतं. पूर्ण नव्याच्या दरात हे धरलंय का ते पाहा.

काम सुरू व्हायला दोन महिने आहेत. तोवर डेक वापरू का?

भिंतीची पट्टी किंवा खांब संशयास्पद असतील तर नाही. पायऱ्यांना दोरी बांधून बंद करा, पाहुण्यांनाही सांगून ठेवा. फक्त फळ्या खराब असतील तर खराब जागेवर कुंडी ठेवून झाकू नका. कुंडीखाली ओल वाढते, आणि जो कुंडी हलवेल त्याचाच पाय आत जाईल. तिथे दोन चांगल्या कड्यांवर टेकेल असा जाड प्लायचा तुकडा स्क्रूने बसवा, कडेला ठळक रंगाचा पट्टा मारा.

निघालेलं जुनं लाकूड जाळलं तर?

ट्रीट केलेलं असेल तर अजिबात नाही, चुलीत नाही आणि शेकोटीतही नाही. त्याच्या धुरात आणि राखेत ते आर्सेनिक आणि तांबं उतरतं. ती राख भाजीच्या वाफ्यातही टाकू नका. स्थानिक कचरा व्यवस्थेला विचारून वेगळं द्या. ट्रीट न केलेल्या, ठणठणीत कड्यांचे तुकडे मात्र ठेवा. कामाच्या शेवटी सुताराला आडवे ठोकळे लागतातच, आणि तेव्हा तो इकडेतिकडे बघायला लागतो.